सर्च जाहिरातीत क्लिक किती, ऑर्डर किती? पैसे घालण्याआधीचा हिशोब

गूगलवर जाहिरात चालू करायला अर्धा तास पुरतो. वेळ खातो तो त्याआधीचा प्रश्न: वीस हजार रुपये घातले तर ऑर्डर किती येतील? घरचे विचारतात, भागीदार विचारतो, एजन्सीत असाल तर क्लायंट विचारतो. उत्तर म्हणून बहुतेक वेळा कुठल्या तरी वेबसाइटवरची ‘इंडस्ट्री अ‍ॅव्हरेज’ पुढे केली जाते. ही सरासरी बहुधा अमेरिकेतल्या खात्यांवरून काढलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दादा, पेटी किती डझनाची?’ असं विचारून, घरी चर्चा करून, मग रात्री यूपीआय करणाऱ्या गिऱ्हाइकाशी तिचा काडीचा संबंध नसतो.

अंदाज स्वतःच बांधायचा. त्यासाठी दोन दर लागतात. जाहिरात दिसलेल्या शंभर वेळांपैकी किती वेळा क्लिक होतं, तो क्लिकचा दर म्हणजे सीटीआर. आणि आलेल्या शंभर क्लिकपैकी किती जण ऑर्डर देतात, तो कन्व्हर्जन रेट. दोन्ही शब्द एका दमात घेतले जातात, पण त्यांचं वजन सारखं नाही. सीटीआरचा अंदाज चुकला तर धंदा अपेक्षेपेक्षा कमी-जास्त होतो. कन्व्हर्जन रेटचा अंदाज चुकला तर प्रत्येक क्लिकमागे खिशातून पैसे जातात. म्हणून या लेखात जास्त जागा दुसऱ्याला दिली आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत धरून ठेवू. देवगडहून पुण्या-मुंबईला हापूसच्या पेट्या घरपोच पाठवणारा एक छोटा विक्रेता. आकडे हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमचे वेगळे असतील, रीत तीच राहील.

आधी उलट्या बाजूने

सीटीआरपासून सुरुवात करू नका, नफ्यापासून करा. पेटीच्या किमतीतून फळ, खोका, पेंढा, वाहतूक आणि खराब निघालेल्या आंब्यांची भरपाई वजा केली. हातात उरले ₹600. जाहिरातीवर जास्तीत जास्त खर्च करता येईल तो एवढाच.

आता एका क्लिकला परवडणारा भाव म्हणजे नफा गुणिले कन्व्हर्जन रेट. शंभरात 3 ऑर्डर आल्या तर 600 × 0.03 म्हणजे ₹18. शंभरात 2 आल्या तर ₹12. गूगलला क्लिकमागे ₹15 द्यावे लागणार असतील, तर 2 टक्क्यांवर तोटा आणि 3 टक्क्यांवर नफा. सगळी मदार या एका टक्क्यावर.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. भारतात गूगल अ‍ॅड्सच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो. जीएसटी नोंदणी असलेल्या इतर व्यावसायिकाला तो बहुधा इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे स्वतःच्या करातून वळता करून, परत मिळतो, त्यामुळे तो हिशोबात धरायची सवय नसते. पण ताज्या आंब्यावर जीएसटी शून्य आहे, आणि करमुक्त मालासाठी केलेल्या खर्चावर क्रेडिट मिळत नाही. म्हणजे आंबेवाल्याचं ₹15 चं क्लिक खरं तर ₹17.70 चं. मग ना नफा ना तोटा गाठायला लागणारा कन्व्हर्जन रेट होतो 17.7 भागिले 600, साधारण 2.95 टक्के. हा आकडा कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचा सगळा खटाटोप एवढ्याच प्रश्नासाठी आहे: आपला खरा दर याच्या वर आहे की खाली?

(तेच गिऱ्हाईक त्याच हंगामात दुसरी पेटी मागवत असेल तर नफा ₹600 पेक्षा जास्त धरता येतो. पण पहिल्या वर्षी तो धरू नका. आशेवर बोली (एका क्लिकला जास्तीत जास्त किती देऊ तो भाव) लावली की ती खाली आणायला हात धजत नाही.)

ऑर्डर कशाला म्हणायचं

कन्व्हर्जन रेट मोजण्याआधी कन्व्हर्जन काय ते ठरवावं लागतं, आणि इथेच निम्मी खाती गडबडलेली असतात. कुणी व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावर बोट पडलं की कन्व्हर्जन मोजतं, कुणी फोन लागला की, कुणी ऑर्डरनंतरचं ‘धन्यवाद’चं पान उघडलं की. एकाच खात्यात हे तिन्ही चालू असले तर 12 टक्के कन्व्हर्जन रेट दिसतो आणि गल्ल्यात मात्र काही पडलेलं नसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर चालणाऱ्या धंद्यात दोन पायऱ्या वेगळ्या मोजा. 100 क्लिकमधून 12 जणांनी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, त्या 12 पैकी 3 जणांनी पैसे भरले. पहिली पायरी 12 टक्के, दुसरी 25 टक्के, मिळून 3 टक्के. असं वेगळं ठेवण्याचा फायदा नंतर कळतो. दर पडला तर दोष पानात आहे की फोनवर उत्तर देणाऱ्यात, ते लगेच दिसतं. संध्याकाळी सात ते नऊमध्ये आलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर गेलं, तर त्यात जाहिरातीचा काय दोष?

सेटिंगमध्ये दोन जागा तपासा. खरेदीसाठी ‘प्रत्येक’ कन्व्हर्जन मोजायचं, चौकशीसाठी ‘एक’च. एकाच माणसाने पाच वेळा बटण दाबलं म्हणून पाच चौकश्या होत नाहीत. आणि वेबसाइटवर ऑर्डर होत असेल तर प्रत्येक ऑर्डरचा क्रमांक टॅगबरोबर (ऑर्डर झाल्याचं गूगलला कळवणारा वेबसाइटवरचा कोड) पाठवा. नाहीतर गिऱ्हाइकाने ‘धन्यवाद’चं पान पुन्हा उघडलं की एक ऑर्डर दोनदा मोजली जाऊ शकते.

शोधांची वाटणी

कीवर्डची, म्हणजे ज्या शोधांवर जाहिरात दाखवायची त्या शब्दांची, यादी करायला सगळ्यांना आवडतं. यादीपेक्षा वाटणी महत्त्वाची. माणूस गूगलमध्ये काय टाइप करतो यावरून तो विकत घ्यायला आला आहे की नुसता चौकशीला, हे बरंचसं कळतं. आंब्याच्या बाबतीत ढोबळ चार गट पडतात.

पहिला गट तुमच्या नावाने शोधणाऱ्यांचा. दुसरा खरेदीचा: ‘देवगड हापूस ऑनलाइन ऑर्डर’, ‘हापूस आंबा होम डिलिव्हरी कोथरूड’. तिसरा मोघम: ‘हापूस आंबा’, ‘हापूस पेटी किंमत’. चौथा माहितीचा: ‘अस्सल हापूस कसा ओळखावा’, ‘वाशी मार्केट हापूस भाव आज’. या चौथ्यातला माणूस कदाचित स्वतःच बागायतदार असेल आणि आपला माल आज कितीला जाईल ते बघत असेल. त्याच्या क्लिकचे पैसे तुम्ही का भरावेत?

मोघम गटात आणखी घोळ असतो. ‘हापूस कलम’ शोधणाऱ्याला झाड लावायचं असतं. ‘आमरस रेसिपी’वाल्याने आंबे आधीच आणलेले असतात. ‘रिकामी पेटी’, ‘पल्प’, ‘नर्सरी’, ‘रोप’, ‘वॉलपेपर’ हे सगळे शब्द पहिल्या दिवसापासून निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही त्यांच्या यादीत) टाका. गूगल आता ‘एक्झॅक्ट’ (नेमक्या त्याच शोधासाठी ठेवलेला) कीवर्डसुद्धा जवळपासच्या अर्थाच्या शोधांवर दाखवतं, त्यामुळे लोकांनी प्रत्यक्ष काय टाइप केलं ते दाखवणारा सर्च टर्म्स अहवाल रोज चाळणं भाग आहे. तरी तो पूर्ण नसतो. फार थोड्या लोकांनी केलेले शोध 2020 च्या सप्टेंबरपासून गूगल त्या अहवालात दाखवत नाही. दिसलेल्या शब्दांच्या क्लिकची बेरीज एकूण क्लिकपेक्षा कमी येते, ती त्यामुळे.

देवनागरीत आणि रोमन लिपीत टाइप केलेले शोधही वेगळे ठेवा. माणूस तोच असला तरी त्याच्यासमोर येणाऱ्या जाहिराती आणि स्पर्धक वेगळे असतात, म्हणून दर वेगळे निघतात. किती वेगळे, ते तुमचं खातं सांगेल.

एवढी वाटणी कशासाठी, तर एकत्र सरासरी दिशाभूल करते. हे बघा. पहिल्या आठवड्यात नावाच्या शोधांवर जाहिरात 200 वेळा दिसली, 80 क्लिक: 40 टक्के. मोघम शोधांवर 1,800 वेळा, 54 क्लिक: 3 टक्के. एकूण 2,000 वर 134, म्हणजे 6.7 टक्के. दुसऱ्या आठवड्यात बजेट वाढवलं. नावावर 200 वेळा, 84 क्लिक: 42 टक्के. मोघमवर 5,800 वेळा, 203 क्लिक: 3.5 टक्के. दोन्ही गट सुधारले. एकूण मात्र 6,000 वर 287, म्हणजे 4.8 टक्के! वरवर बघणारा म्हणेल जाहिरात बिघडली, मजकूर बदला. बिघडलं काहीच नाही, मिश्रण बदललं. खात्याचा सरासरी सीटीआर सांगून कुणी तुम्हाला घाबरवायला लागलं किंवा खूश करायला लागलं, तर गटवार आकडे मागा.

जाहिरात किती वेळा दिसेल

गूगलच्या कीवर्ड प्लॅनर या साधनात शोधांची संख्या मिळते. खात्यात फारसा खर्च नसेल तर ती ‘1 हजार ते 10 हजार’ अशी ऐसपैस मिळते. त्यापेक्षा मोठा धोका हंगामी मालाला असतो: तिथला ठळक आकडा बारा महिन्यांची मासिक सरासरी असतो. समजा खरेदीच्या गटाची सरासरी 2,000 दिसते. म्हणजे वर्षाला 24,000. त्यातले 80 टक्के शोध मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांत होत असतील तर 19,200, म्हणजे हंगामात महिन्याला 6,400. सरासरीवर बजेट आखणाऱ्याचे पैसे एप्रिलमध्ये दुपारीच संपतात आणि ऑगस्टमध्ये पडून राहतात. महिनावार आलेख उघडून त्यावरून हिशोब करा.

प्रत्येक शोधावर तुमची जाहिरात दिसत नाही. जाहिरात एकदा दिसली की एक इंप्रेशन. जेवढ्या वेळा दिसू शकली असती त्यापैकी जेवढ्या वेळा दिसली, तो इंप्रेशन शेअर. नव्या खात्यासाठी मी तो बेताचाच धरतो, समजा 40 टक्के. 6,400 चे 2,560.

आणखी एक सेटिंग. ठिकाण म्हणून पुणे निवडलं तरी गूगलची मूळ निवड ‘तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस दाखवणारे’ अशी असते. म्हणजे दुबईत बसलेल्या माणसालाही जाहिरात दिसू शकते. बहुतेक धंद्यांना ही गळती असते, आंब्याला मात्र उलटंही होतं: तो माणूस पुण्यातल्या आई-वडिलांसाठी पेटी मागवत असतो. म्हणून सरसकट बंद न करता परदेशी शोध वेगळ्या कॅम्पेनमध्ये टाकून त्यांचा दर स्वतंत्र बघावा.

सीटीआरचा अंदाज

जाहिरातीवर क्लिक होण्यासाठी आधी ती डोळ्यांसमोर यावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या मॅथ्यू रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये नव्या जाहिरातींच्या क्लिकचा अंदाज बांधताना हेच दोन तुकडे केले होते: त्या जागेवर जाहिरात बघितली जाण्याची शक्यता आणि बघितल्यावर ती क्लिक होण्याची शक्यता. पहिला तुकडा जागेचा, दुसरा तुमच्या शब्दांचा. नुसता सीटीआर बघून मजकूर चांगला की वाईट ते ठरवता येत नाही, ते यामुळेच. खालच्या जागेवरच्या उत्तम जाहिरातीला वरच्या जागेवरची सुमार जाहिरात सहज मागे टाकते.

पूर्वी ‘सरासरी स्थान’ असा आकडा मिळायचा, तो गूगलने 2019 मध्ये बंद केला. आता ‘टॉप’ (साधारणपणे फुकटच्या निकालांच्या वर) आणि ‘अ‍ॅबसोल्यूट टॉप’ (सगळ्यात पहिली जागा) इंप्रेशनचं प्रमाण बघायचं, आणि अहवाल ‘टॉप विरुद्ध इतर’ असा फोडायचा. अंदाजही दोन ओळींत मांडायचा: वर दिसल्यास इतका, खाली दिसल्यास इतका. सर्च पार्टनरचे (गूगलच्या जाहिराती दाखवणाऱ्या इतर वेबसाइटचे) आकडेही वेगळे काढा, किंवा सुरुवातीला ते बंदच ठेवा.

नव्या कीवर्डला इतिहास नसतो. पहिल्या दिवशी 40 वेळा दिसला आणि 4 क्लिक आले म्हणून 10 टक्के म्हणायचं का? आजूबाजूच्या त्याच गटातल्या कीवर्डचा दर 5 टक्के असेल तर शहाणा माणूस म्हणेल, ‘बघू, थोडं थांबू.’ हेच थांबणं आकड्यात मांडता येतं. गटाच्या दराला काही काल्पनिक इंप्रेशनचं वजन द्यायचं. समजा 200. मग 200 वर 5 टक्के म्हणजे 10 काल्पनिक क्लिक. अंदाज झाला (4 + 10) भागिले (40 + 200), म्हणजे 5.8 टक्के. पुढे तोच कीवर्ड 1,000 वेळा दिसून 100 क्लिक आले तर (100 + 10) भागिले 1,200, म्हणजे 9.2 टक्के. सुरुवातीला गटाचं ऐकलं, माहिती वाढली तसं कीवर्डचं ऐकलं.

ते 200 कुठून आणायचे? स्वतःला विचारा: किती इंप्रेशननंतर मी गटाच्या दराला आणि या कीवर्डच्या दराला सारखाच मान देईन? तोच आकडा. गटातले कीवर्ड एकमेकांसारखे वागत असतील तर तो मोठा ठेवा, प्रत्येकाचं तंत्र वेगळं असेल तर लहान. एक्सेलच्या एका रकान्यात हे सूत्र बसतं.

खात्यात क्वालिटी स्कोअर, म्हणजे गूगलने कीवर्डला दिलेले दर्जाचे गुण, दिसतो, 1 ते 10. त्यातल्या ‘अपेक्षित सीटीआर’पुढे सरासरीपेक्षा वर, सरासरी किंवा खाली असा शेरा असतो. त्याला टक्केवारीचं भाकीत समजू नका. जागेचा परिणाम वजा करून, त्याच कीवर्डवरच्या इतर जाहिरातदारांशी केलेली ती तुलना आहे. तिचा उपयोग क्लिकच्या भावाच्या अंदाजाला होतो. 2002 मध्ये गूगलने बोलीबरोबर क्लिकच्या दरालाही क्रमवारीत घेतलं, तेव्हापासून लोकांना आवडणारी जाहिरात कमी पैशात वर जाऊ शकते. शेरा ‘सरासरीपेक्षा खाली’ असेल तर तुमच्या कागदावरचा ₹15 चा भाव आशावादी आहे असं धरा.

कन्व्हर्जन रेट: आकडा नव्हे, पट्टा

इथे सगळ्यात मोठी अडचण आकड्यांच्या तुटपुंजेपणाची. इंप्रेशन हजारांनी येतात, क्लिक शेकड्याने, ऑर्डर बोटांवर मोजण्याइतक्या. 200 क्लिक आणि 6 ऑर्डर. दर 3 टक्के, बरोबर? हिशोबाने बरोबर, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. संख्याशास्त्रातली विल्सनची रीत लावली तर 95 टक्के खात्रीचा पट्टा, म्हणजे खरा दर ज्या दोन टोकांच्या मध्ये असावा ती मर्यादा, निघतो 1.4 ते 6.4 टक्के. रुपयांत बोलायचं तर परवडणारं क्लिक ₹8 चंही असू शकतं आणि ₹38 चंही. 2,000 क्लिकवर 60 ऑर्डर आल्या तर दर तोच 3 टक्के, पण पट्टा 2.3 ते 3.8. म्हणजे ₹14 ते ₹23. अजूनही आपली 2.95 ची रेघ पट्ट्याच्या आतच आहे!

सूत्र हाताशी नसेल तर तोंडी हिशोब असा: ऑर्डरच्या संख्येचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. 100 ऑर्डर असतील तर 20 इकडे-तिकडे, म्हणजे 20 टक्क्यांची चूक. 25 असतील तर 10 इकडे-तिकडे, 40 टक्क्यांची. दहाच्या खाली हा हिशोब फार कच्चा होतो, तिथे विल्सनच वापरा. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, पट्टा अरुंद होतो तो ऑर्डर वाढल्यामुळे. ‘पाच लाख लोकांनी जाहिरात बघितली’ याने त्यात काही भर पडत नाही.

एकही ऑर्डर आली नाही तर? त्यालाही रीत आहे. 3 भागिले क्लिकची संख्या, ही दराची वरची मर्यादा. 100 क्लिक आणि शून्य ऑर्डर, तर खरा दर फार तर 3 टक्के. आपल्याला 2.95 लागतो. म्हणजे शंभरेक क्लिक होऊनही एकही ऑर्डर आली नसेल तर तो कीवर्ड थांबवावा. किंमत मोजली ₹1,770. ही थांबायची रेघ जाहिरात चालू करण्याआधी लिहून ठेवायची असते. नंतर ठरवायला बसलं की ‘आणखी दोन दिवस बघू’ हेच उत्तर येतं.

मात्र शून्य म्हणण्याआधी उशीर तपासा. आज क्लिक केलेला माणूस शनिवारी ऑर्डर देतो. गूगल ती ऑर्डर क्लिकच्या तारखेवर टाकतं, ऑर्डरच्या तारखेवर नाही. ऑर्डर मोजण्याची गूगलची नेहमीची मुदत क्लिकनंतर 30 दिवसांची असते. त्यामुळे चालू आठवड्याचा दर नेहमीच पडलेला दिसतो आणि नंतर आपोआप सुधारतो. जुन्या आकड्यांवरून बघा, पहिल्या तीन दिवसांत किती टक्के ऑर्डर येऊन जातात. समजा 60. मग ताज्या 150 क्लिकवर 3 ऑर्डर दिसत असतील तर त्या 0.6 ने भागा: अखेरीस 5 होतील, दर 2 नाही, 3.3 टक्के.

नव्या कीवर्डला इथेही गटाचा आधार द्यायचा. 30 क्लिकवर 2 ऑर्डर, म्हणजे 6.7 टक्के. गटाचा दर 3 टक्के, त्याला 100 क्लिकचं वजन. (2 + 3) भागिले 130, म्हणजे 3.8 टक्के. यावर बोली लावा, 6.7 वर नको.

जागेची चिंता मात्र इथे कमी करा. गूगलचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ हॅल व्हॅरियन यांनी 2009 मध्ये दाखवलं होतं की जाहिरातीच्या स्थानाप्रमाणे कन्व्हर्जन रेट फारसा हलत नाही. आकडे जुने आहेत, पण तर्क पटतो. क्लिक करून आलेला माणूस वरून आला काय नि खालून आला काय, पुढे त्याच्यासमोर पान तेच असतं. म्हणून सीटीआर जागेप्रमाणे फोडायचा, कन्व्हर्जन रेट हेतूप्रमाणे.

तीन रकाने

आता सगळं एका ठिकाणी. खरेदीचा गट, एक महिना, 2,560 इंप्रेशन, क्लिक ₹15, जीएसटीसह ₹17.70.

वाईट: सीटीआर 4 टक्के, कन्व्हर्जन 1.5. क्लिक 102, ऑर्डर दीड. नफा ₹922, खर्च ₹1,812. तोटा ₹890.

मधला: सीटीआर 6, कन्व्हर्जन 3. क्लिक 154, ऑर्डर साडेचार-पाच. नफा ₹2,765, खर्च ₹2,719. उरले ₹46.

चांगला: सीटीआर 8, कन्व्हर्जन 4.5. क्लिक 205, ऑर्डर 9. नफा ₹5,530, खर्च ₹3,625. उरले ₹1,905.

मधल्या रकान्यात जीएसटी धरला नसता तर ₹461 फायदा दिसला असता. तो जवळजवळ सगळा करात गेला. क्लायंटला किंवा घरच्यांना हे तिन्ही रकाने दाखवा, फक्त मधला नको. आणि बघा, सीटीआर 4 ऐवजी 8 झाला पण कन्व्हर्जन 1.5 वरच राहिला, तर तोटा दुप्पट होतो. जास्त क्लिक ही इथे वाईट बातमी आहे.

यातून मजकुराचा एक प्रश्नही सुटतो: जाहिरातीत किंमत टाकावी का? बरेच जण घाबरतात, क्लिक कमी होतील म्हणून. होतातच. किंमत नसलेल्या जाहिरातीचा सीटीआर 8 आणि कन्व्हर्जन 2 धरा. 1,000 इंप्रेशनवर 80 क्लिक, ₹1,416 खर्च, 1.6 ऑर्डर, ₹960 नफा: ₹456 घाटा. किंमत टाकलेलीचा सीटीआर 5, कन्व्हर्जन 4. 50 क्लिक, ₹885 खर्च, 2 ऑर्डर, ₹1,200 नफा: ₹315 फायदा. भाव बघून बिचकणारा माणूस क्लिक न करताच गेला हे बरंच झालं. सीटीआर उतरल्याने क्लिकचा भाव थोडा चढू शकतो, तेवढी गुंजाईश ठेवा. दोन जाहिरातींची तुलना करताना एकटा सीटीआर किंवा एकटा कन्व्हर्जन रेट न बघता दर हजार इंप्रेशनमागे हातात काय उरलं ते बघा.

नावाच्या शोधांचं काय

नावाच्या गटाचा दर सगळ्यात देखणा असतो, आणि एजन्सीच्या अहवालात तोच पहिल्या पानावर असतो. पण ज्याने तुमचं नाव टाइप केलं तो जाहिरात नसती तरी खाली दिसणाऱ्या तुमच्याच फुकटच्या दुव्यावर गेला असता. ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबे या अमेरिकी कंपनीने 2012 मध्ये काही सर्च इंजिनांवर आपल्या नावाच्या जाहिराती बंद करून बघितल्या. टॉम ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचा हिशोब आहे: 99.5 टक्के क्लिक फुकटच्या दुव्यांवरून आपोआप आले. ईबे ही घरोघरी माहीत असलेली कंपनी, तुम्ही नाही. तुमच्या नावावर दुसरा आंबेवाला बोली लावत असेल तर गोष्ट वेगळी. तरी हंगामात एक आठवडा नावाची जाहिरात बंद ठेवून एकूण ऑर्डर पडतात का ते बघायला हरकत नाही, फक्त तो आठवडा सणाचा निवडू नका.

आणि सणाचा विषय निघालाच आहे तर नोंदींबद्दल एक सूचना. पुढच्या वर्षीच्या अंदाजाला या वर्षीचे आकडे लागतात, पण तारखेला तारीख लावून ते जुळत नाहीत. अक्षय्य तृतीया 2024 मध्ये 10 मेला होती, 2025 मध्ये 30 एप्रिलला. 25 एप्रिलची 25 एप्रिलशी तुलना केली तर एका वर्षी सणाच्या तोंडावरची गर्दी आणि दुसऱ्या वर्षी साधा आठवडा एकमेकांसमोर येतात. म्हणून एक्सेलमध्ये तारखेशेजारी ‘अक्षय्य तृतीयेला किती दिवस बाकी’ असा एक रकाना ठेवा, त्याच्या शेजारी त्या दिवशीचा डझनाचा भाव लिहा, आणि गटवार इंप्रेशन, क्लिक, व्हॉट्सअ‍ॅप, ऑर्डर असे चार आकडे रोज रात्री भरा. टक्केवारी साठवू नका. टक्केवारी आकड्यांवरून कधीही काढता येते, आकडे टक्केवारीवरून परत मिळत नाहीत.